सुईची भीती

सिरोंच्याजवळ,
ऑगस्ट १९८६

प्रिय मनकर्णाताई,

अक्षर वेडंवाकडं दिसेल, पण पत्र मीच लिहिते आहे, शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून. सीता तुझं ऐकते ना? लेकीला मूल गावी तुझ्याकडे सोडून या छावणीवर नर्स म्हणून आले, तेव्हा वाटलं होतं, पूर ओसरला की परतेन. गोदावरी ओसरली, ताई. आता गावांच्या जागी नुसता गाळ आहे, आणि त्यात अडकून मेलेल्या गुरांचा वास इथवर येतो.

पुरातून वाचलेले लोक या टेकडीवरच्या आश्रमशाळेत राहतात. तांदूळ येतो, कपडे येतात. शहरातून कुणी लोकरीचे कोट पाठवले, बायांनी ते लेकरांखाली अंथरले. पाणी मात्र एकाच विहिरीचं. तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकली, तर लोकांना तो वास विषाचा वाटला आणि ते चोरून नदीचंच पाणी पिऊ लागले. मग हगवण-वांत्या सुरू झाल्या. डॉक्टर नदीपलीकडच्या छावणीत अडकलेले. इथे मी आणि हरिदास कंपाउंडर, दोघंच.

अगदी हाताबाहेर गेलेले रोगी आधी माझ्याकडे आले, म्हणून सलाईन लावूनही काही जण गेले. लोकांनी एवढंच पाहिलं, की नर्सबाईनं सुई टोचली आणि माणूस मेला. दुसऱ्या दिवशी एकही रोगी आला नाही. रोग थांबला नव्हता, लोक आजारी माणसं लपवत होते.

मंगली नावाच्या गोंड बाईचा नवरा दसरू मला तांदळाच्या रांगेत दिसला नाही. विचारलं तर म्हणाली, शेत पाहायला गेला. तेवढ्यात वर्गात रचून ठेवलेल्या बाकांमागून ओकारीचा आवाज आला. हरिदासनं बाक ओढले. दसरूचे डोळे खोल गेले होते, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मंगली आडवी आली. "सुई नोको, नर्सबाई. माया सासूले टोचली, थे मेली. याले मराचं असंन तं माया मांडीवर मरू दे." सासू खरंच माझ्या हातांत गेली होती. मी एवढंच म्हटलं, "मी जबरदस्ती नाई करत. पन तू याचा हात धरून पाह्य. थंडा पडून राह्यला. असाच ठेवला तं सांजपर्यंत नाई टिकाचा."

तिनं हात धरला. मग स्वतःच बाजूला सरकली.

शीर सापडेना, ताई. दोन्ही हात पार सुकलेले. दारात माणसं दाटलेली. हा मेला तर सगळे जंगलात निघून जाणार आणि रोग गावोगाव नेणार, हे मला कळत होतं. शेवटी घोट्याजवळ शीर लागली. बाटली ठिबकू लागली आणि मी त्याचा पाय धरून बसून राहिले. उन्हं कलताना तो पुटपुटला, "येर." गोंडीत येर म्हणजे पाणी. मंगली उठून बाहेर गेली आणि काहीतरी ओरडली. थोड्याच वेळात लोक चटयांखालून, झुडपांमागून आपापली माणसं उचलून आणू लागले.

हे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा मलाही वांत्या सुरू झाल्या. हरिदासनं सलाईन लावलं, मंगली उशाशी बसून चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिली. आज उलटी थांबली, पण उभं राहवत नाही. तांदळाचा ट्रक मूलमार्गे परत चालला आहे, तेव्हा माझं आजारपण तुझ्या कानावर येईलच. ऐकून सीताला घेऊन इकडे निघू नकोस. ट्रकमध्ये माझ्यासाठी जागा ठेवली होती. मी नाही म्हटलं. इथे पडलेली का होईना, मी दिसते, तोवर लोक रोगी बाहेर आणतात. मला ट्रकमध्ये चढताना पाहिलं तर पुन्हा लपवतील. पण मी फार घाबरले आहे, ताई. सीताचा बाप आधीच गेला, मागे मीच उरले. माझं काही बरंवाईट झालं तर सीता तुझी. तिला शाळेतून काढू नकोस आणि दुसऱ्या कुणाच्या दारी ठेवू नकोस. भाऊजींना जयभीम सांग. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे.

तुझीच,
वच्छला