दहा ते दहा पन्नास

संगमनेर,
३० ऑक्टोबर १९९९

प्रिय ज्ञानेश्वर,

पाकिटावरचं अक्षर पाहून बुचकळ्यात पडला असशील. कॉलेजच्या संगणक केंद्रात दिवसभर लोकांची ई-मेल सांभाळणारी बाई पोस्टाची तिकिटं चिकटवत बसली आहे, यावर बंगळुरात आधी पोटभर हसून घे. मग नीट वाच. सोमवारपर्यंत एका कागदावर सही केली नाही तर माझी नोकरी जाणार आहे, आणि मी सही करणार नाही.

आपल्या वेळी इथे एकच खोली होती आणि पंखा आपल्यापेक्षा संगणकांना जास्त मिळायचा. आता नुसत्या मेलसाठी दोन यंत्रं आहेत. पहिल्यावर सगळ्यांच्या पेट्या असतात आणि दुसरं दर तासाला त्यांची नक्कल उतरवून घेतं. पहिलं बंद पडलं की दुसरं त्याच्या जागी उभं राहतं. आमचे विभागप्रमुख सर पाहुण्यांना छाती फुगवून सांगतात की इथे एक अक्षर हरवत नाही. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, तासाच्या मध्येच यंत्र बंद पडलं तर मधली पत्रं कुठे जातील, नक्कल दर पाच मिनिटांनी घेऊ. सर म्हणाले, यंत्र मंदावतं. विषय संपला.

खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या लेथबरोबर आमच्या यंत्रांचीही पूजा झाली. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात हे काही नाही, म्हणून मी दारात उभी होते. सरांना ते माहीत आहे, आणि नंतर मी पेढे दोन खाते हेही माहीत आहे. नारळाचा दगड दरवर्षी बाहेर पायरीपाशी असतो. यंदा सरांना फोटोत यंत्र हवं होतं, म्हणून दगड आत आला. दहा वाजून पन्नास मिनिटांनी नारळाचं पाणी पहिल्या यंत्राच्या जाळीतून थेट पोटात गेलं आणि पडदा काळा झाला. मी म्हटलं, कशाला हात लावू नका, आधी त्याची डिस्क काढून दहानंतरची पत्रं वाचवू. पण अकराला संस्थेचे अध्यक्ष यायचे होते. सरांनी दुसरं यंत्र पुढे केलं आणि दुपारी पहिलं वाळवून स्वतःच्या हातांनी परत जोडलं. त्या आज्ञाधारक डब्याने दुसऱ्यावर जे होतं ते जसंच्या तसं स्वतःवर उतरवून घेतलं. वाचण्यासारखं जे होतं तेही पुसलं गेलं.

ज्ञाना, अशा हरवण्याचा आवाज होत नाही. पाठवणाऱ्याला वाटतं, पोचलं, कारण पहिल्या यंत्राने ते घेतलेलं असतं. वाट पाहणाऱ्याला वाटतं, लिहिलंच नाही. दोघंही मनात कुढत बसतात आणि दोघांचंही चुकलेलं नसतं. म्हणून मी फळ्यावर सूचना लावली: सोमवारी दहा ते दहा पन्नास या वेळात कुणाचं पत्र अपेक्षित असेल तर पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. शेवटच्या वर्षाच्या मोनिकाने पुण्याला फोन लावला. तिचं मुलाखतीचं बोलावणं त्याच पन्नास मिनिटांत गेलं होतं. ती मुलाखतीला पोचली. सूचना मात्र संध्याकाळी फाटलेली मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर कागद आला: यंत्र बदलताना एकही पत्र गहाळ झालं नाही, फळ्यावरची सूचना माझ्या गैरसमजातून लागली. खाली माझ्या सहीची जागा. झाडलोट करणाऱ्या झुंबरबाई माझ्या काळजीने म्हणाल्या, "करून टाक पोरी सही, त्या डब्याला कुठं तोंड हाय बोलायला." मी म्हटलं, त्याला नाही म्हणूनच मावशी, मला आहे.

देवळालीला घरी दादांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, बाप म्हणून ते नोकरीचं बघ म्हणतील. ते एवढंच म्हणाले, "सही करू नको. भाकरी हाय घरात." मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आता तुझं. सप्टेंबरात संगमनेरच्या स्टँडवर तू म्हणाला होतास, नवरात्रात बेलापूरला जातो, आईशी आपल्या लग्नाचं बोलतो, आणि खंडेनवमीला सकाळी दहानंतर काय ते मेलवर कळवतो. त्या दिवशी मी आठ वाजता येऊन बसले होते. बारा दिवस झाले. तू लिहिलंस की नाही, हे या जगात फक्त तुला माहीत आहे. त्या कागदावर सही केली तर तू लिहिलंच नव्हतंस, हे मीच लिहून दिल्यासारखं होईल, आणि ते मी कुणाच्याही धाकाने लिहून देणार नाही. आई नाही म्हणाल्या असतील, तर तसं लिही. तूच कचरला असशील, तर तेही लिही, मी मोडून पडणार नाही. हे सगळं सांगून मी तुझ्या हातात एक सोयीची सबब दिली आहे, हे मला कळतं: पाठवलं होतं, तुमच्याकडेच हरवलं. पण पाठवलेल्या मेलची प्रत पाठवणाऱ्याकडे राहते, ज्ञाना. तारीख आणि वेळेसकट. असेल तर तीच कागदावर छापून पोस्टाने पाठव.

उत्तर येईपर्यंत तरी तुझीच,
प्रज्ञा