वरून उघडणारी बॅग

ती. दादास,

धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला, की पाहुण्यासारखा अजून ठाण मांडून आहे? इकडे आम्ही ठीक. म्हणजे मी उभी आहे आणि हे बसलेले आहेत. (फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की हे येऊन स्पीकर लावतात आणि माझ्या बोलण्यात दुरुस्त्या करतात.)

विषय बॅगेचा आहे. हसू नकोस. आठवडाभर मी दातांच्या दवाखान्यात लोकांच्या दाढांचे एक्स-रे काढते, हे तुला ठाऊकच आहे. सुट्टीला मात्र डोंगरात जाते आणि मला बघून आ न करणाऱ्या जिवांचे फोटो काढते. कॅमेरा आणि ती जडशीळ लांब लेन्स लटकवून खांदा धरला, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, पाठीवरची घ्या, कमरेला पट्टा असलेली. मला हवी होती बाजूने उघडणारी. बॅग पुढे ओढली की कॅमेरा हातात. एवढं साधं. पण ह्यांनी इंटरनेटवर अभ्यास केला (ह्यांचा अभ्यास चालू असला की घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही) आणि दुकानात माझ्याआधी आरशासमोर उभे राहिले. विक्रेत्या बाईने विचारलं, "पाठीवर घेणार कोण?" हे म्हणाले, "घेणार ही, पण निवडणार मी." तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत जेवढी माया होती, तेवढी लग्नानंतर मला माहेराहूनही मिळालेली नाही. (रागावू नकोस. स्थळ तू आणलं होतंस.) बॅग आली ती ह्यांच्या पाठीच्या मापाची, वरून उघडणारी. "वरून उघडते तीच टिकते," म्हणे.

टिकते खरी, कारण तळाशी गेलेलं काही पुन्हा वर येतच नाही. पहिल्याच चढाला माझ्या कॅमेऱ्यावर ह्यांचा थर्मास, घडीचं स्टूल, रेनकोट आणि हवा भरायची उशी. कमरेचा पट्टा माझ्या मांडीवर. हे हात हलवत पुढे, "कुणीतरी वाट बघायला हवी ना!" एका वळणावर खडकापाशी कोल्हीण बसली होती आणि तिची पिल्लं एकमेकांच्या शेपट्या चावत होती. दादा, एवढी वर्षं डोंगर तुडवले, असं कधी दिसलं नव्हतं. मी गुडघ्यांवर बसले, श्वास रोखला आणि एकेक वस्तू उपसू लागले. उशी. रेनकोट. स्टूल. थर्मास हातातून निसटला आणि खणखणत दरीत गेला. कोल्हिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं, पिल्लं घेतली, गेली. हे मागे वळून म्हणाले, "तयारीत राहायला नको? आणि आता माझ्या चहाचं काय?"

मी भांडले नाही. ह्यांचं सामान खडकावर नीट रचलं, बॅग पाठीवर घेतली आणि एकटी वर गेले. मागून हाका येत होत्या, पण त्या माझ्यासाठी नव्हत्या. उशीचं बूच बॅगेत राहिलं होतं. वर पोचून एकही फोटो काढला नाही. पोटभर रडले आणि दुसऱ्या वाटेने उतरले. संध्याकाळी हे स्टूल काखोटीला मारून परतले, तेव्हा जिन्यात शेजाऱ्यांना सांगत होते, "मुद्दामच एकटी सोडली तिला. सवय व्हायला हवी."

झाली, दादा.

वहिनीला नमस्कार. काढा घ्यायला सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. मागच्या खोलीतले तुझे वर्तमानपत्रांचे गठ्ठे हलव. मी येते आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही. दवाखान्यात कळवलं आहे. घरात अजून नाही.

पुन्हा ता. क. हे आत्ताच विचारून गेले, एवढं लांबलचक काय लिहितेस? म्हटलं, बॅगेबद्दल. खूश झाले. म्हणाले, "मग माझाही नमस्कार कळव." कळवला.