साठ माणसं कमी पडल्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा क्षयरोग अधिकारी साहेब,
लातूर.

अर्जदार: सौ. सत्यशीला बजरंग मुसळे, वय ३६, रा. मौजे कवठळवाडी, ता. जळकोट, जि. लातूर. माहेर मौजे पळसझरी, ता. किनवट, जि. नांदेड. सध्याचा मुक्काम खाली कलम ४ मध्ये.

विषय: गावाच्या वाट्याची रुग्णाची एक जागा रिकामी झाली असून तिच्यावर अर्जदाराचे नाव घेण्याबाबत.

संदर्भ: १) कवठळवाडीच्या वेशीवरील 'क्षयमुक्त ग्रामपंचायत' हा फलक.
२) सरपंचांनी वेळोवेळी दिलेली तोंडी उत्तरे. लेखी काही मिळाले नाही.

महोदय,

अर्जदार चौथीपर्यंत शिकली आहे, सही करते. बाकी मजकूर तिच्या सांगण्यावरून लिहून देणाऱ्याने मांडला आहे. तो तीस वर्षे कचेरीपुढच्या या लिंबाखाली बसून वारसाचे, रेशनचे, बांधाच्या भांडणाचे अर्ज लिहीत आला. आजारी असण्याची परवानगी मागणारा अर्ज पहिलाच. तेव्हा कोठे भाषा घसरली तर दोष त्याचा समजावा, बाईचा नाही.

१. अर्जदारास गेल्या दिवाळीपासून खोकला आहे. संध्याकाळी ताप भरतो, अन्न जात नाही, संक्रांतीला भरलेल्या बांगड्या आता मनगटात राहत नाहीत. आशाताईंनी थुंकीची डबी दिली, अर्जदाराने ती भरून दिली. आशाताई डबी घेऊन निघाल्या. वाटेत ग्रामपंचायतीपुढे सरपंच अर्जुनराव यांनी त्यांना थांबवले. अर्ध्या तासात डबी घरी परत आली आणि तिच्या मागोमाग सरपंच आले.

२. सरपंच रागावले नाहीत. ओट्यावर बसून चहा घेतला व समजावून सांगितले. त्यांचे शब्द जसेच्या तसे असे: "हजारामागं एक पेशंट चालतो, माय. आपलं गाव एकोणीसशे चाळीस. एक जागा आमच्या आप्पासाहेबानं धरली हाय. दोन हजार असते तर तूबी बसली असतीस. साठ माणसं कमी पडलीत बघ, न्हाई तर मी कशाला आडवा आलो असतो?" आप्पासाहेब हे सरपंचांचे चुलते, वय ७८. त्यांचे नाव आधीच लागलेले होते व गोळ्या घरपोच येत होत्या. अर्जदाराच्या सासूबाई धोंडाबाई यांनी त्यावर, गावात एवढ्यात किती बायकांना दिवस गेले आहेत, हे बोटांवर मोजून पाहिले. अकरा भरल्या.

माणसे मोजून आजार वाटावा असा सरकारचा नियम असेल, हे लिहून देणाऱ्यास पटत नाही. हा हिशेब क्षयमुक्तीच्या प्रमाणपत्राचा आहे, रोगाचा नाही, हे त्याने बाईला दोनदा सांगितले. पण गावात नियम सरपंचाच्या तोंडून येतो. अर्जदाराचे पती बजरंग हे ग्रामपंचायतीत नळाला पाणी सोडण्याच्या कामावर आहेत. ते काम सरपंचाच्या मर्जीवर चालते. अर्जदार परस्पर सरकारी दवाखान्यात जाऊन नाव लिहून आली तर दुसऱ्या दिवशी चावी दुसऱ्याच्या हातात जाईल, हे तिला बजरंग यांनीच सांगितले. म्हणून ती दवाखान्याची पायरी न चढता आपल्याकडे अर्ज करीत आहे.

३. सरपंचांनी सुचविल्यावरून अर्जदार माहेरी गेली. तेथे नाव लावून घ्यावे व बरी होऊन परत यावे, असे ठरले होते. पळसझरीची लोकसंख्या आठशे सत्तर आणि त्या गावानेही प्रमाणपत्रासाठी कागद पाठवलेले. तेथील सरपंच म्हणाले, "तुमच्या गावाला एक तरी बसतो, आम्हाला तर एकबी बसत न्हाई. सासरचा रोग माहेरी कशाला आणून राहिलीस?" भाऊ शेषेराव यांनी पंधरा दिवस गोठ्याच्या पडवीत ठेवून घेतले. ताट वेगळे, तांब्या वेगळा. सोळाव्या दिवशी त्यांनीच रेल्वेत बसवून दिले. डब्याच्या दारात उभे राहून ते रडले, हेही अर्जदार लिहावयास सांगते, कारण भावाला बोल लागू नये अशी तिची इच्छा आहे.

४. परत आल्यावर तिला शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे राखणीच्या खोपटात, ठेवण्यात आले. घरोघर तपासणीचे पथक आले तेव्हा धोंडाबाईंनी "सून माहेरी गेली हाय" असे सांगितले. त्याच आठवड्यात पळसझरीला पथक गेले, तेथे "ती सासरी हाय" असे सांगण्यात आले. दोन्ही गावच्या कागदांवर अर्जदार दुसऱ्या गावी आहे. प्रत्यक्षात ती त्या दोन्ही दिवशी आखाड्यावर, पत्र्याखाली, खोकत होती.

५. आखाड्यावर भाकरी घेऊन अर्जदाराची मुलगी ऋतुजा, इयत्ता नववी, रोज येत असे. भाकरी ठेवून लांबूनच परत जा, असे तिला बजावलेले होते. मुलगी ऐकणारी नव्हती. ती आईच्या ताटात जेवे, आईच्या अंथरुणावर बसून अभ्यास करी आणि उठवले की म्हणे, "तू एकटी काय करून राहणार?" अर्जदाराने तिला दोनदा मारलेही.

६. चोवीस मार्चला गावात प्रमाणपत्राचा कार्यक्रम झाला. त्यातली भाषणे अर्जदाराने आखाड्यावर बसून कर्ण्यावर ऐकली. कवठळवाडीने क्षयाला वेशीबाहेर घालवले, असे एक पाहुणे म्हणाले. ते खोटे नव्हते. आखाडा वेशीबाहेरच आहे. स्वागतगीतात ऋतुजा पहिल्या रांगेत होती. दुसऱ्या कडव्याला तिला ठसका लागला, तेव्हा शाळेच्या बाईंनी तिला मागच्या रांगेत नेऊन उभे केले. आखाड्यावर येऊन ती सांगत होती, धूळ गेली घशात.

७. आषाढात आप्पासाहेब वारले. सगळ्या गोळ्या घेऊनही वारले. वय झाले होते, त्याला कोणी काय करणार. अर्जदाराने त्यांच्या मरणाची वाट पाहिली नाही, असे ती शपथेवर सांगते. पाहिली असती तर कोणी तिला वाईट म्हणू नये, असे लिहून देणाऱ्याचे मत आहे. तेरावे झाल्यावर ती सरपंचांकडे गेली व जागा रिकामी झाल्याचे तिने अदबीने कळवले. सरपंच म्हणाले, "औंदा आपल्याला शून्य दाखवायचं हाय. जागाच बंद केली." खोकल्याला मात्र कोणी बंद केलेले नाही.

८. तरी विनंती की,
अ) आप्पासाहेबांची जागा बंद न करता चालू ठेवावी.
आ) त्या जागेवर अर्जदाराचे नाव घेऊन सोबतची डबी तपासावी व गोळ्या सुरू कराव्यात.
इ) गोळ्या गावात वाटणे अडचणीचे असल्यास एसटी स्टँडवर, पाण्याच्या टाकीमागे, कोठेही द्याव्यात.
ई) गावाच्या प्रमाणपत्रास यामुळे बाधा येत असल्यास अर्जदारास रुग्ण न म्हणता दुसरे काहीही म्हणावे. तिची हरकत नाही.

येथे अर्ज पुरा झाला होता. रिवाजाप्रमाणे लिहून देणाऱ्याने तो बाईला वाचून दाखवला. ती चार हात लांब, तोंडाला पदर लावून, पाठमोरी बसून ऐकत होती. आठव्या कलमापर्यंत आल्यावर तिने विचारले, "जागा एकच मागता येती का, मामा?" लिहून देणारा म्हणाला, दोन माग, दहा माग, सरकार जागा मोजत नाही. तिला ते पटले नाही. मग तिने पिशवीतून दुसरी डबी काढली. आशाताईंनी सरपंचांच्या नकळत दोन डब्या दिल्या होत्या. ऋतुजाला ज्येष्ठापासून खोकला आहे व परवा उशीवर रक्ताचा डाग होता, हे तिने तेव्हा सांगितले. अर्ज लिहून झाला तरी सांगितले नव्हते.

सबब, अर्जदाराच्या आग्रहावरून, विषयात व कलम ८ मध्ये जेथे 'अर्जदाराचे नाव' आहे तेथे कु. ऋतुजा बजरंग मुसळे, वय १४, असे वाचावे. अर्ज नव्याने लिहावयास ती थांबत नाही, तिची दोनची गाडी आहे. जागा मुलीला मिळावी. अर्जदारास स्वतःला कसलाही आजार नाही, खोकला नाही, ताप नाही, पूर्वीही नव्हता, असे तिने लिहवून घेतले आहे.

हे लिहवून घेताना ती खोकत होती, एवढे लिहून देणारा स्वतःच्या जबाबदारीवर नमूद करतो.

आपल्या दारी मुलीसाठी उभी,
(सही) सत्यशीला बजरंग मुसळे
अज्ञान मुलीची पालक म्हणून

लातूर, दि. १४ ऑगस्ट २०२५
लिहून देणार: महादेवप्पा हुडगे, लिंबाखाली

सोबत:
१) ऋतुजाच्या शाळेचा बोनाफाईड दाखला.
२) आप्पासाहेबांच्या तेराव्याची पत्रिका, जागा रिकामी असल्याचा पुरावा म्हणून.
३) थुंकीची डबी, एक, झाकण घट्ट लावलेली. नाव ऋतुजा.
स्वतःच्या नावाची डबी अर्जदाराने परत नेली.