दहा मिनिटं आधीची तोफ

३ जानेवारी १९७२

कुस्ती ऐन रंगात आणि वीज गेली! अर्धं अम्मान अंधारात. त्या अर्ध्याने टीव्ही केंद्रावर फोन करून मला शिव्या घातल्या, जणू तारा मीच कापल्या. "बाई, तो मुखवटेवाला जिंकला की हरला, तेवढं सांगा!" मला काय ठाऊक? मी तेव्हा रंगपटात भुवया कोरत होते. पण निवेदिकेने 'ठाऊक नाही' म्हणायचं नसतं. हरला, म्हटलं. आमचे संचालक, उस्ताद शफीक, भडकले. मुखवटेवाला त्यांचा लाडका.

यंदा लिहायचंच. पडद्यावर काय झालं ते सगळं गाव बघतं. मागे काय झालं ते कुणी लिहीत नाही.

२१ एप्रिल

चंद्रावर माणसं — पुन्हा! चित्रं आली, दुभाष्या आलाच नाही. बावीस मिनिटं मी एकटी बोलत होते. "हा दगड... हा आणखी एक दगड... आता ते उडी मारत आहेत." शेवटी दगडांची तारीफ करायला शब्द उरले नाहीत.

घरी आले तर सासूबाईंचा एकच प्रश्न. "पोरी, तिथे नमाज पढायची तर तोंड कुठे करायचं?" अदीब — माझा नवरा, शाळेत भूगोल शिकवतो — म्हणाला, "खाली." त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

११ जुलै

आज सांगून टाकलं. चौथा महिना लागतोय, किती दिवस ओढणी पसरून बसू?

उस्ताद शफीक म्हणाले, "मुबारक! मुबारक! मग कधी थांबताय?"

"थांबत नाही."

"अहो, लोक जेवताना बघतात!"

म्हणजे? पोट बघून घास अडकतो की काय? त्यांच्या आईने त्यांना झाडावरून तोडून आणलं असावं!

हैफा नावाची मुलगी त्यांनी तयारच ठेवली आहे. बावीस वर्षांची, दात सुरेख. वाईट नाही बिचारी, पण माझ्या खुर्चीकडे बघते तेव्हा मान वाकडी करून बघते. शेवटी तोड निघाली: टेबलावर फुलदाणी ठेवायची. फुलांमागे झाकलं जाईल तोवर मी. मग हैफा.

बघू. फुलांची काही टंचाई नाही.

३ सप्टेंबर

ऑलिम्पिक. शर्यतींच्या फिती विमानाने येतात, दोन दिवस शिळ्या. कोण जिंकलं ते रेडिओने केव्हाच सांगितलेलं असतं, तरी गल्ली ओरडते — पळ! पळ!

फुलदाणीच्या जागी आता घंगाळ आलंय. इर्बिदहून एकाचं पत्र: "बाईसाहेब, बाग छान झाली आहे. आता थोडा कोबीही लावा." भिंतीवर चिकटवलं. उस्तादांनी काढलं. मी परत चिकटवलं.

९ ऑक्टोबर

पहिला रोजा. सूर्यास्ताची घोषणा मलाच! हीच बाई हवी अशी पत्रंच तेवढी आली, उस्तादांचा इलाज चालला नाही.

काम साधं. टेबलावर रमजानचा छापील तक्ता, रोज्याच्या क्रमाने वेळा लिहिलेला. आजची वेळ बघायची, घड्याळावर डोळा ठेवायचा, काटा आला की मान हलवायची. तोफेची फीत सुटते, मग बांग. खरी तोफ लांब. आमच्या टेकडीपर्यंत आवाज पोचत नाही. माझी मान पोचते.

सासूबाई खजूर हातात धरून पडद्यासमोर बसतात. "तू मान हलवलीस की मी तोंडात टाकते. कुणाच्या बांगेची वाट बघत नाही." मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

तक्ता अबू झुहदींनी आणून दिला. कोठार सांभाळतात, केंद्र सुरू झाल्या दिवसापासून. माझ्या पाठीला उशीही आणली, न मागता. "माझ्या बायकोला सातव्या महिन्यात फार दुखायचं," म्हणाले.

२४ ऑक्टोबर

चूक झाली. मोठी.

मी मान हलवली, तोफ सुटली, बांग झाली. खिडकीशी उभा असलेला कॅमेरावाला म्हणाला, "बाई, ऊन दिसतंय अजून."

तक्ता गेल्या वर्षीचा निघाला. गेल्या वर्षी सोळावा रोजा नोव्हेंबरात आला होता, दिवस लहान. आज दहा मिनिटं उशिरा सोडायचा होता. दहा मिनिटं! देवा. सासूबाईंचा रोजा, गल्लीचा रोजा...

जेवले नाही.

२५ ऑक्टोबर

घरी वेगळाच तमाशा. आमच्या लुवेबदेच्या टेकडीवर दोन मशिदी. नवीतला मुअज्जिन कर्ण्याखाली टीव्ही लावून बसतो, त्याने माझ्याबरोबरच बांग दिली. जुनीतले शेख मुफ्लिह सत्तर वर्षांचे. घड्याळ वापरत नाहीत, गच्चीवर चढून सूर्य बघतात. त्यांनी सूर्य बुडेपर्यंत वाट पाहिली, म्हणजे लोकांच्या लेखी दहा मिनिटं उशीर. आणि लोक त्यांच्यावर तुटून पडले!

"म्हाताऱ्याला डुलकी लागली!" — आमचा खाटीक. "टीव्ही काय खोटं बोलतो?" — त्याची बायको. शेखसाहेब एवढंच म्हणाले, "मी सूर्य पाहिला." त्यावर हशा. शुक्रवारी मशिदीची समिती बसणार आहे, त्यांना घरी पाठवायला.

तडक उस्तादांकडे गेले.

"आज पडद्यावर सांगू या," म्हटलं.

"काय सांगू या? ज्याला कळलं नाही त्याचा रोजा देव कबूल करतो. तुम्ही कळवलंत की अख्ख्या शहराला एक रोजा भरून द्यावा लागेल."

"आणि शेख?"

"म्हातारे आहेत. आज ना उद्या थांबणारच."

"मग तुम्हीही म्हातारे व्हाल तेव्हा—"

"बाई! सातवा महिना आहे. घरी जा, झोपा. हैफा बसेल."

करून सवरून नामानिराळे! मूग गिळून बसायला मी काय त्यांच्या टेबलावरची फुलं आहे?

२६ ऑक्टोबर

केलं!

घरी बसायला सांगितलं होतं, तरी हैफाच्या आधी येऊन खुर्चीत बसले. सूर्यास्ताला पाच मिनिटं होती. थेट प्रक्षेपण, कापायला वाव नाही. घंगाळ उचलून खाली ठेवलं आणि उभी राहिले. पूर्ण उभी, पोटासकट.

म्हटलं: "परवा आम्ही दहा मिनिटं आधी तोफ उडवली. सूर्य मावळला नव्हता. लुवेबदेच्या जुन्या मशिदीचे शेख मुफ्लिह बरोबर होते, आम्ही चुकलो. ज्यांनी आमच्या भरवशावर रोजा सोडला त्यांनी एक रोजा भरून द्यावा. मला माफ करा."

मग घड्याळ पाहिलं, मान हलवली. या वेळी बरोबर.

काचेपलीकडे उस्तादांचं तोंड उघडंच. कॅमेरावाल्याने कॅमेरा हलवला नाही, देव त्याचं भलं करो.

२७ ऑक्टोबर

समिती बसलीच नाही. नमाज झाल्यावर रांग लावून लोकांनी शेखसाहेबांचा खांदा चुंबला. खाटीक रांगेत सगळ्यांत पुढे! मांस घेऊन गेला होता म्हणे. शेखसाहेब म्हणाले, "चुलीवर ठेव, पण सूर्य बघूनच खाऊ."

सासूबाई: "एक रोजा वाढवलास माझा." आणि हसल्या. मग माझ्या कपाळावरून हात फिरवला.

मला पुढचा हुकूम येईपर्यंत घरी बसायचंय. संध्याकाळी हैफाने मान हलवली. सासूबाईंनी खजूर हातातच धरला, शेखसाहेबांची बांग झाल्यावर खाल्ला.

२९ ऑक्टोबर

अबू झुहदींना काढलं. 'जुने तक्ते कोठारातले, कोठार त्यांचं.' बस. एका कागदावर एवढंच.

उस्तादांना पत्र लिहिलं — अन्याय, अन्याय, दोन पानं भरून. पाठवलं. लोकांनी अबू झुहदींचं नाव ऐकलेलं नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी कुणी रांग लावणार नाही.

२ नोव्हेंबर

शेखसाहेबांनी अंजिरं पाठवली. निरोप: "खरं बोलणाऱ्या मुलीसाठी." अदीबने एक सोलून दिलं. मी ते परत बशीत ठेवलं.

८ नोव्हेंबर, ईद

जिंकले! उस्तादांचा फोन आला. चारशे पत्रं! बायकांचीच जास्त. एकीने लिहिलंय, "पोट बघून आमच्या घरात कुणाचा घास अडकला नाही." पुढच्या आठवड्यापासून खुर्ची माझी, बाळंत होईपर्यंत.

"फुलं नकोत, साहेब."

"नकोत."

"आणि अबू झुहदी?"

"तो विषय संपला, बाई. कुणाची तरी चूक असायलाच हवी ना?"

घरात सगळे ओरडत होते. सासूबाईंनी जीभ नाचवत असा आनंदाचा गजर केला की शेजारीण धावत आली, बाळ आलं समजून. मी पण हसले. फोन ठेवण्याआधी आणखी एक वाक्य बोलायचं होतं, ते बोलले नाही.

१० नोव्हेंबर

तक्ता मीच बदलला होता.

पोटुशीला रोज्याची सूट असते, तरी 'मी धरते' म्हणून केंद्रभर मिरवत होते. पोट असूनही मला काही जड जात नाही हे दाखवायला. २४ ऑक्टोबरच्या दुपारी रंगपटात दार लावून चहा प्यायले. तक्त्यावर सांडला. अबू झुहदी नमाजला गेले होते; त्यांच्या फळीवरून दुसरा तक्ता मीच ओढला, वर्ष न बघता. ओला तक्ता पर्समध्ये घालून घरी आणला आणि चुलीत टाकला. त्याच रात्री सगळं कळलं होतं. या वहीलासुद्धा सांगितलं नाही.

आता सांगायला निघते: आधी अबू झुहदींच्या घरी, मग उस्तादांच्या खोलीत. अदीब सोबत येतो म्हणाला. नको म्हटलं.