झडप उघडी ठेवण्याच्या अटीवर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा जाळी विणणे व दुरुस्त करणे, धक्क्यावर लहानथोर सगळे जिला 'मावशी' म्हणतात ती, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाखाली नसताना हे लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांनी दाखला दिला आहे. धाकाचे म्हणाल, तर मला धाक दाखवणारा माणूस एकच होता, माझे पती, आणि तेही लग्नाच्या पहिल्या आठवड्यापुरते. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते. हेही रागातच आहे, पण विचार करून.

पहिले, राहते घर. ते नातीला द्यावे. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या आईवडिलांनी तिथे राहावे आणि गच्चीची गळती दरवर्षी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून पुढे ढकलू नये.

दुसरे, माझ्या सुया, मापाच्या पट्ट्या आणि दोऱ्याची रिळे मुलीला. ती इंजिने दुरुस्त करते, जाळ्यातले तिला ओ की ठो कळत नाही. पण काम झाल्यावर ती हत्यार पुसून जागेवर ठेवते, आणि आमच्या घराण्यात असे करणारी ती एकटीच.

धाकट्या दिरांनी तेवीस वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' नेलेली शिडी त्यांनाच दिली. माझ्या वारसांनी ती परत मागू नये. मात्र ती आपण विकत घेतली होती, असे सांगत फिरण्याचा हक्क दिरांना राहणार नाही.

तिसरे, शेडमधली जुनी जाळी, गठ्ठे अकरा. ती कोणालाही विकू नयेत, फुकटही देऊ नयेत. समुद्रात सुटलेले जाळे मालकाच्या माघारीही मारत राहते. शेपटीला असले जाळे अडकलेला देवमासा मी एकदा पाहिला आहे. चौघे जण सुऱ्या घेऊन होडीतून गेले, निम्मे जाळे कापून आले, आणि उरलेले ओढत तो निघून गेला. माझ्या जाळ्यांचे हातभर लांबीचे तुकडे करून ते प्लॅस्टिक वितळवणाऱ्या कारखान्यात द्यावेत, आणि तुकडे करताना मुलीने स्वतः उभे राहावे.

चौथे, बोट. खरे तर हे मृत्युपत्र बोटीसाठीच आहे.

जाळ्याच्या गळ्याशी तिरप्या गजांची चौकट बसवायची, असा नियम आला. मासे गजांमधून मागच्या पिशवीत जातात. कासव चौकटीला थडकते आणि तिच्यापाशी जाळ्यात ठेवलेल्या झडपेतून बाहेर पडते. कासवाला श्वास घ्यायला वर यावेच लागते. जाळे तीन तास ओढले, की आत अडकलेले कासव बुडून मरते. डॉल्फिनचेही तसेच होते. तपासनीस धक्क्यावर झडप पाहत आणि कागदावर शिक्का मारत. झडपेतून मासळीही निसटते, अशी बोटवाल्यांची ओरड होती. तेव्हा मी एक गाठ शोधून काढली. बंदराबाहेर पडले, की त्या गाठीने झडप बांधून टाकायची. परतताना टोक ओढले, की क्षणात सुटते आणि तपासनिसाला मागमूस लागत नाही. मी डावखुरी, त्यामुळे ती उलटी वळते. एकोणीस बोटींनी ती उचलली. तिला 'मावशीची गाठ' म्हणत. मला त्याचा केवढा तोरा होता, हे लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहिते.

मग एका सकाळी आमच्याच बोटीचे जाळे दुरुस्तीला माझ्यापुढे आले. जाळे कुठे फाटले ते पाहून आत काय अडकले होते, हे मला सांगता येते. या जाळ्याला भोक नव्हते. झडपेच्या कडेचा दोरा मात्र आतल्या बाजूने पिंजला होता, आणि त्यात कासवाचे एक नख तुटून राहिले होते. कासवाला दार सापडले होते. ते दाराशी पोचले होते. दार मी बांधून ठेवले होते. जाळे मांडीवर घेऊन मी रडले, आणि त्या दिवशी माझ्या हातून दुसरे काम झाले नाही.

मी मुलाला विचारले. बोट तोच चालवतो. माझा मुलगा खोटे बोलत नाही, आणि हा गुण त्याला धंद्यात फार आडवा येतो. तो म्हणाला, "आई, किती मेली ते मी मोजलं नाही. गाठ तूच शिकवलीस, मी फक्त बांधली." मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही. तो खरे बोलला, याचाच मला राग होता.

तरी बोट त्यालाच मिळावी. अट अशी, की झडप कधीही, कोणत्याही हंगामात, जाळे रिकामे आले तरी, बांधायची नाही. भर समुद्रात पाहायला कोणी नसते, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्याने आताच मनाशी ठरवावे. वकीलबाई सांगतात, की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातून काही घेता येत नाही. त्यासाठी साक्षीदाराची दुसरी ओळ मी कोरी ठेवली आहे. अट मान्य असेल, तर मुलाने लेखणीला हात लावू नये. बर्फवाले बाहेर बसले आहेत, ते सही करतील. मान्य नसेल, तर मुलाने स्वतः सही करावी, आणि मग बोट याच अटीवर मुलीला जाईल. थाप मारून बोट घेण्यापेक्षा त्याने सही केलेली मला चालेल.

पाचवे, माझे अर्धवट राहिलेले काम. एकोणीसपैकी चौदा बोटींवर मी स्वतः चढून गाठ सोडायला लावली आहे. काहींनी मला चहा पाजून वाटेला लावले. त्यांच्याकडे मी दुसऱ्यांदा गेले, एकाकडे चौथ्यांदा. उरलेल्या पाच बोटी पलीकडच्या धक्क्यावर आहेत. त्यांना मी कधी शिकवलेच नव्हते, तरी गाठ तिथवर कशी पोचली कोण जाणे. आता गुडघे साथ देत नाहीत. हे काम कोणाच्या नावे करावे ते सुचत नाही, म्हणून वाटणीबाहेर ठेवते.

वरचा मजकूर वकीलबाईंनी मोठ्याने वाचला, मीही चष्मा लावून वाचला. एक शब्दही बदलायचा नाही. दोन्ही साक्षीदारांच्या देखत डाव्या हाताने सही करते.

ठिकाण: धक्क्यामागे, जाळ्यांची खोली
तारीख: नऊ मार्च, सोमवार

लिहून ठेवणार: (सही) मावशी

साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टर

साक्षीदार दुसरा: (सही) मुलगा

दुसऱ्या साक्षीदाराने सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेले:

आई, जाळं रिकामं वर आलं की माझा हात गाठीकडे जाणार नाही, अशी खात्री मला देता येत नाही. ताईला देता येईल. तिने ठेवलं तर तिच्या बोटीवर काम करीन. पलीकडच्या पाच बोटींवर उद्या सकाळी मी जातो. त्यांना गाठ मी शिकवली होती.