हिरवी सोंगटी

अहो, मी दवाखान्यात ड्युटीला गेले. भाजी झाकून ठेवलीय, तेवढी गरम करून घ्या.

बबडी शाळेतून आली की सापशिडी मांडेल. आजोबांची हिरवी सोंगटी ती अजून एकवर ठेवते, तिला हात लावू नका.

काल तुम्ही घरं चुकीची मोजून मुद्दाम हरलात, ते कळलंय तिला. ‘बाबा खोटं खेळतात,’ म्हणाली मला. आजोबांनी तिला कधी फुकट जिंकू दिलं नाही. म्हणून तर पोरगी शंभरापर्यंत मोजायला शिकली, आणि हरल्यावर भोकाड पसरून, डोळे पुसून पुन्हा डाव मांडायलाही.

आज खरं खेळा, हरली तर हरू द्या. रडली तर रडू द्या. आजोबांना जाऊन महिना झाला, पोर अजून एकदाही रडलेली नाही.