चौतीस सायकली आणि कुवेतची विहीर

२ जानेवारी २०१६, शनिवार
नव्या वर्षाचा पहिला 'सायकल शनिवार'. हजेरी एकतीस. (हायवेवरचा पंक्चरवाला श्रावण धरून. त्याचा धंदाच आहे, तो येणारच.) लाखनीच्या चौकापासून तलावापर्यंत आणि परत. मग रस्त्याच्या कडेला माझं भाषण, अडतीस मिनिटं. ट्रकांच्या आवाजावर मात केली.
मुद्दा असा : दीड वर्षापूर्वी तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं, आज सदतीसवर आलं. का? कारण कुणीतरी गाडी घरी ठेवली! आणि आपण तीन वर्षं दर शनिवारी काय करतो आहोत? टाळ्या. आखातातले शेख आज लाखनीच्या नावाने बोटं मोडत असतील, असंही म्हणून गेलो. ओघात म्हणालो, पण अगदीच चूक नाही.
संकल्प : हजेरी शंभर, तेल वीस.

३ जानेवारी, रविवार
जेवताना आमच्या सौ. देवकाला भाषण थोडक्यात ऐकवलं. तिने भात वाढता वाढता विचारलं, भाव पडला तं तेल काढणाऱ्याईचं का होते जी?
मी म्हणालो, मातीत जातात.
ती म्हणाली, आपला सूरज तेच तं काढते.
पुढचा भात खाल्ला नाही. पोट भरलं होतं.
सूरज कुवेतला ड्रिलिंग कंपनीत वेल्डर आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. एकुलता एक मुलगा आहे. त्याची नोकरी आणि माझं भाषण शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं, इतकंच.

५ जानेवारी
दुकानात गिऱ्हाईक नाही. वह्या-पुस्तकांच्या धंद्याचा हा एक फायदा. तेलाच्या अर्थकारणावर जेवढं होतं तेवढं वाचून काढलं. भाव एका रेषेखाली गेला की नवी विहीर खणणं परवडत नाही. मग यंत्रं बंद. मग ती यंत्रं जोडणारी माणसं...
तिथे पुस्तक मिटलं. भीती वगैरे नाही. दुकानात उजेड कमी होता.

९ जानेवारी, शनिवार
हजेरी चौतीस. तीन माणसं वाढली. तेल तेहतीस. चार डॉलर पडलं.
याला योगायोग म्हणणारा माणूस अडाणी.
भाषण चार मिनिटांत आटोपलं. श्रावण सगळ्यांसमोर म्हणाला, भैय्याजी, आज तुमचंच डिझेल संपलं का?
हसलो. घरी येऊन उशीत तोंड घातलं. (सर्दी.)

१२ जानेवारी
तीसला टेकलं. सूरजला फोन. म्हणाला, सगळं बरं हाय बाबा. मग पुन्हा म्हणाला. मग तिसऱ्यांदा. एकदाच म्हणाला असता तर मी निश्चिंत झालो असतो.
त्याच्या मागे नेहमी यंत्रांची घरघर असते. आज चिमण्या ऐकू आल्या. कुवेतलाही चिमण्या असतील. जेवणाची सुट्टीही असेल.

१३ जानेवारी
चार रात्री विचार केला. निष्कर्ष शास्त्रशुद्ध आहे. गाडी घरी ठेवल्याने भाव पडतो, तर गाडी फिरवल्याने चढला पाहिजे.
तीन वर्षं पोत्याखाली असलेली स्कूटर बाहेर काढली. श्रावणकडे ढकलत नेली. काहून जी भैय्याजी, म्हणाला, सायकल रुसली का? मी म्हणालो, प्रयोग आहे. तो म्हणाला, प्रयोगाले दोन टायर लागतीन.
टाकी फुल. लाखनी ते साकोली, काम काहीही नाही. परत. पुन्हा साकोली. कमरेचा भुगा झाला. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण बापाने आणखी काय करायचं असतं?

१७ जानेवारी, रविवार
काल धुक्याचं कारण देऊन सायकल शनिवार रद्द केला. तरी चौतीस जण निघाले. पुढे श्रावण. चळवळ माझ्यावाचून चालते! इतकी भयंकर बातमी या महिन्यात दुसरी नाही, असं वाटलं होतं.
आज दुसरी आली. इराणवरचे निर्बंध उठले. एवढा मोठा देश आपलं सगळं तेल घेऊन बाजारात बसणार, आणि माझ्याकडे एकच स्कूटर.

२१ जानेवारी
अठ्ठावीसच्याही खाली. पेपर वाचला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो.
देवकाने विचारलं, रोज कुठं जाऊन राहिले जी? विचार करायला, म्हणालो. ती म्हणाली, विचार कराले हेल्मेट लागते का?
तिने सूरजची गादी उन्हात टाकली आहे. त्याची उशीही. कायले, म्हणून विचारलं नाही. थंडीत लोक गाद्या उन्हात टाकतातच.

२३ जानेवारी, शनिवार, सकाळी
बत्तीस! दोन दिवसांत चार डॉलर वर! आठवडाभरात एकट्याने तीनशे दहा किलोमीटर. जगाला कळणार नाही, पण मला ठाऊक आहे. आज भंडाऱ्याच्या बाजूने एक शेवटची फेरी. मग सूरजला फोन करून सांगायचं, बेटा, भिऊ नको.

त्याच दिवशी, संध्याकाळी
परत येताना लाखनी दोन किलोमीटरवर असताना पेट्रोल संपलं. ढकलत निघालो. समोरून चौतीस सायकली. अख्खी चळवळ. श्रावण उतरला, स्कूटरकडे पाहिलं, हेल्मेटकडे पाहिलं. म्हणाला, भैय्याजी, आज पायी शनिवार हाय का?
उत्तर तयार होतं. चांगलं दहा मिनिटांचं. तेवढ्यात नागपूरची बस आम्हाला ओलांडून पुढे गेली आणि थांबली. दोन मोठ्या बॅगा घेऊन सूरज उतरला.
म्हणाला, बाबा, पेट्रोल संपलं का?
हो, म्हणालो.
सायकल का नाही, हे त्याने विचारलं नाही. किती दिवसांची सुट्टी, हे मी विचारलं नाही. बॅगा सीटवर ठेवल्या. मी हँडल धरलं, त्याने मागून ढकललं. घरापर्यंत.
घरी ताटं तीन मांडलेली.

२४ जानेवारी
त्याला नऊ तारखेलाच काढून परत पाठवलं होतं. स्कूटर निघण्याच्या चार दिवस आधी. फोनवरच्या चिमण्या नागपूरच्या, मित्राच्या खोलीवरच्या. देवकाला सगळं माहीत होतं. मला का सांगितलं नाही, म्हणून मी आवाज चढवला. ती भांडी घासत म्हणाली, त्यानंच सांगितलं होतं. बाबाले नोको सांगू म्हणे, ते भेतेत.
एवढ्या सभा गाजवल्या. आतला घाबरट पोराला पहिल्यापासून माहीत होता.
दुपारी सूरजला म्हणालो, बत्तीस झालं आहे, चढतं आहे. तो म्हणाला, हो बाबा.
श्रावण येऊन गेला. बऱ्याच सायकलींचे कॅरियर मोडले आहेत, वेल्डिंग करतोस का, म्हणून विचारत होता. सूरज लगेच उठला. जाताना माझीही सायकल घेऊन गेला.
पुढच्या शनिवारी भाषण नाही. घसा बसला आहे.